गेटपर्यंत आणून सोडलेला पाहुणा

आमच्या गास गावात कोणी पत्ता विचारला तर आम्ही नुसतं बोट दाखवून मोकळे होत नाही. हातातलं काम खाली ठेवतो, पायात चपला घालतो आणि त्या माणसाला त्या घराच्या गेटपर्यंत चालत नेतो. वाटेत विचारायचं, कुठून आलात, कोणाकडचे, जेवलात का. गेटवर पोचलं की बाहेरूनच हाक द्यायची, "अगं, पाहुणे आलेत गं." आतून कोणी ओ दिली की मगच मागे फिरायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिल्या आठवड्यात जे शिकवलं त्यात हे होतं. पाहुण्याला एकटं भटकू द्यायचं नाही, त्यात गावाची लाज जाते.

मला या रीतीचं फार कौतुक. पण एका मंगळवारी या रीतीनेच माझ्या घरात काय आणून ठेवलं ते सांगते.

घरात आम्ही दोघीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मी वाडी बघते. सोनचाफ्याची झाडं आहेत, थोड्या केळी, पावसाळा सरला की पालेभाजी. मुलगी तेहेतीस वर्षांची, कामणला एका गोदामाच्या ऑफिसात आहे. स्कूटरने जाते, स्कूटरने येते. चर्चच्या गाण्यात आवाज लावते. लग्न झालेलं नाही. दोन स्थळं जुळता जुळता मोडली, त्यातलं एक तर पुकारेपर्यंत गेलं होतं. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात आणि विचारतात, कोणाला काही हरकत ठाऊक असेल तर सांगा. दुसऱ्या रविवारी हरकत आली. हरकत मुलाबद्दल होती, मुलीबद्दल नाही, पण गावाला तेवढं कुठे लक्षात राहतं. तेव्हापासून मी तिच्याकडे लग्नाचा विषय काढत नव्हते. म्हणजे रोज काढत नव्हते.

तर एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर तीच म्हणाली, "आई, मी फोनवर एक ॲप घेतलंय. माणसं भेटायचं."

"कसली माणसं?"

"लग्नाची म्हण. मैत्रीची म्हण. आधी बोलायचं, पटलं तर भेटायचं."

मी विचारलं, यात मधली बाई कोण? माझ्या वेळेला माझी आत्या होती. तिला मुलाच्या तीन पिढ्या ठाऊक होत्या. कोण दारू पितो, कोणाच्या घरात सुनेला बोलतात, कोणाच्या विहिरीचं पाणी खारं, सगळं. हिने सांगितलं, यात मधली बाई नसते.

"मग हरकत कोणाला विचारायची?"

"स्वतःलाच," ती म्हणाली.

हे काही मला रुचलं नाही. पण मुलगी माझ्यापेक्षा शहाणी आहे, हेही खरं. तिने मला सगळं समजावलं. ॲपवर आडनाव टाकलेलं नाही. गाव सांगायचं नाही, ऑफिस सांगायचं नाही. भेटायच्या आधी फोनवर तोंड बघून बोलायचं, म्हणजे फोटो एकाचा आणि माणूस दुसरा असं होत नाही. पहिली भेट चार माणसांत, दिवसाउजेडी. जाताना आपल्या गाडीने, येताना आपल्या गाडीने, कोणी सोडतो म्हटलं तरी नाही. आपला ग्लास सोडून उठायचं नाही. आणि तिच्या गाण्यातल्या मैत्रिणीच्या फोनवर हिचा ठिपका दिसत राहतो, ही कुठे आहे तो. चर्चच्या कॅलेंडरवर तिने लाल पेनाने त्या मैत्रिणीचा नंबर लिहिला आणि खाली लिहिलं, मी उचलला नाही तर हिला.

मी म्हटलं, "एवढा बंदोबस्त करून जर भेटायला जायचं असेल तर जातेस कशाला?"

"आई, तू बाबांना लग्नाआधी किती वेळा भेटली होतीस?"

"दोनदा. आत्या बरोबर होती."

"म्हणजे बंदोबस्त होताच ना."

मी उठले आणि भांडी घासली.

ती पहिल्यांदा भेटायला गेली तेव्हा मी घरभर फिरले. चाफ्याच्या झाडांना दुपारचं पाणी घातलं, जे मी कधी घालत नाही. ती आली, म्हणाली, बरा आहे, हसरा आहे. पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा गेली. त्या दिवशी आली ती सरळ न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. बाहेर आल्यावर म्हणाली, "संपलं ते. नाही पटलं."

"का गं, काय झालं?"

"काही नाही आई. नाही पटलं, एवढंच."

आणि मी, जिच्या तोंडाला कधी कुलूप नसतं, त्या दिवशी गप्प बसले. वाटलं, पोरीला त्रास नको. वर मनात असंही आलं, की हिला कोणीच कसा पटत नाही.

त्यानंतर महिना गेला असेल. मंगळवार होता, दुपारचे साडेतीन-चार. मी ओट्यावर वाल सोलत बसले होते. बाहेरून माझ्या चुलतदिरांचा आवाज आला, "वहिनी, पाहुणे आलेत."

हे भावजी आमच्या आळीच्या तोंडाशी राहतात. पोस्टात होते, आता रिटायर. सगळ्या गावाचे पत्ते तोंडपाठ, आणि कोणाला गेटपर्यंत सोडायचं म्हणजे त्यांना नोकरी परत मिळाल्यासारखं वाटतं. त्यांच्या मागे एक तरुण उभा, मोटरसायकल हाताने ढकलत आणलेली. भावजी पायी म्हणून तोही पायी. मला ते फार सभ्य वाटलं. पस्तिशीचा असेल, इस्त्रीचा शर्ट, डाव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ.

"मावशी, नमस्कार. एका हॉलच्या सजावटीचं काम बघतो मी. चाफ्याचा रोजचा रतीब लावायचाय. तुमचं नाव ऐकलं."

भावजी आपलं काम झालं म्हणून निघून गेले. मी त्याला खुर्ची दिली, कोकमाचं सरबत दिलं. आता बघा, चाफ्याचा धंदा करणारा माणूस दुपारी चारला येत नाही. चाफा पहाटे तोडायचा, उजाडायच्या आत टोपलीत भरायचा, आमचे व्यापारी सकाळी सात वाजता फोन ठेवून झोपलेले असतात. आणि हा झाडांकडे बघतही नव्हता. घराकडे बघत होता. हे सगळं मला आज दिसतं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की पोरगा नीट बोलतो आणि मावशी म्हणतो.

"एकट्याच करता मावशी एवढं?"

झालं. मला एवढं पुरतं. आमच्याकडे पाहुण्याने विचारलं की सांगायचं असतं, आणि मला तर न विचारताही सांगायला आवडतं. नवरा कसा गेला ते सांगितलं. मुलगी आहे, कामणला आहे, सहाला सुटते, सांगितलं. मोठ्या रस्त्याला गर्दी असते म्हणून आमची बाय शेतातल्या रस्त्याने येते, ओढ्यावरच्या मोरीवरून, तेही सांगितलं. गुरुवारी गाण्याची प्रॅक्टिस, तेव्हा उशीर होतो, हेही. तो फक्त "हो का" आणि "अरे वा" म्हणत होता. मी बोलत होते आणि मला बरं वाटत होतं. किती दिवसांनी कोणी एवढं ऐकत होतं.

पाचला तो उठला. चाफ्याचा भाव विचारला नाही, मी सांगायला गेले तर म्हणाला, नंतर बोलू. मोटरसायकलवर बसला आणि हसून म्हणाला, "येऊन गेलो म्हणून सांगा," आणि माझ्या मुलीचं नाव घेतलं.

तो वळणावर दिसेनासा झाला. मी ग्लास उचलला, आत नेला, विसळला. आणि विसळता विसळता हात थांबला. मी तिचं नाव घेतलंच नव्हतं. आम्ही घरात सगळे तिला बाय म्हणतो. तासभर मी बाय, बाय करत होते.

मी डोक्यात सगळं बोलणं पहिल्यापासून फिरवलं. नव्हतं घेतलं. मग वाटलं, भावजींनी सांगितलं असेल. तशीच ओल्या हातांनी त्यांच्याकडे गेले.

"भावजी, तुम्ही त्या माणसाला आमच्या बायचं नाव सांगितलंत का?"

"मी? मी तिला लहानपणापासून बायच म्हणतो. का?"

"मग त्याने विचारलं काय तुम्हाला?"

"म्हणाला, चाफ्याची वाडी असलेल्या मावशी, ज्यांची मुलगी कामणला जाते. आता अशी तूच की. म्हटलं चला, सोडतो." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, "वहिनी, काय झालं?"

मी काही सांगितलं नाही. काय सांगणार? की मुलगी फोनवरून माणसं भेटते? उलट्या पावली घरी आले आणि तिला फोन लावला. वाजत राहिला. कामाच्या वेळी तिचा फोन पर्समध्ये असतो, आवाज बंद करून. सव्वापाच झाले होते. परत लावला. परत. मग कॅलेंडरकडे बघितलं. लाल पेनाचा नंबर होता. तो लावला.

मैत्रिणीने लगेच उचलला. मी सगळं एका दमात सांगितलं. ती म्हणाली, "काकी, दिसायला कसा होता? भुवईत रेघ होती?"

"होती. डाव्या."

ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "काकी, तुम्ही घरात थांबा. दार लावून घ्या. ती अजून ऑफिसातच आहे, मला दिसतंय. मी ऑफिसच्या फोनवर लावते."

"कोण आहे गं तो?"

"ती सांगेल काकी. मी आधी तिला थांबवते."

मी घरात कशी थांबणार. दार लावलं, उघडलं. ओट्यावर आले, वाल सोलायला घेतले, आणि थोड्या वेळाने बघते तर सालं भांड्यात आणि दाणे अंगणात. आमच्या अंगणातल्या क्रुसासमोर उभी राहिले, पण प्रार्थनेचे शब्द पुढे सरकेनात, अर्ध्यावर यायचे आणि मी परत त्या ओट्यावर जाऊन पोचायची. सहाला सुटते. मोरीवरून येते. मी सांगितलं. माझ्या तोंडाने, सरबत देऊन.

तेवढ्यात भावजी आले. मला घरी बसवेना म्हणाले. मग मात्र मी सांगितलं. सगळं नाही, पण एवढं, की तो माणूस चाफ्यासाठी आला नव्हता, बायसाठी आला होता, आणि तिला तो नको आहे. मला वाटलं ते विचारतील, ओळख कुठली, कधीपासूनची. एक शब्द विचारला नाही. सायकल काढली आणि गेले. कुठे जाता म्हटलं तर मागे न बघता म्हणाले, "मोरीवर."

सहा वाजून दहा मिनिटांनी मैत्रिणीचा फोन आला, बाय ऑफिसच्या गाडीतून निघाली आहे, ड्रायव्हर आणि ऑफिसातली एक बाई बरोबर आहे, मोठ्या रस्त्याने येतायत, स्कूटर तिथेच ठेवली. तिचा ठिपका कुठे पोचला ते ती मला सांगत राहिली. आता हायवे ओलांडला. आता पुलावर. आता गर्दीत उभे आहेत. मला ठिपका दिसत नव्हता, मी नुसती ऐकत होते. चर्चची संध्याकाळची घंटा झाली. सात वाजून गेले तेव्हा गाडी गेटवर लागली.

बाय उतरली. मला बघितलं आणि पहिल्यांदा काय म्हणाली, तर, "तू बरी आहेस ना? त्याने तुला काही केलं नाही ना?"

"मीच केलंय," मी म्हटलं. "मी त्याला सगळं सांगितलंय."

ती ओट्यावर बसली. ऑफिसातली बाई आत जाऊन स्वतःच चहा टाकायला लागली, देव तिचं भलं करो. मग बायने सांगितलं. दुसऱ्या भेटीत तो म्हणाला, घरी सोडतो. ही नाही म्हणाली. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर त्याने हसत हसत हिच्या स्कूटरची चावी काढून घेतली आणि वीस मिनिटं दिली नाही. चार माणसांत होती म्हणून दिली शेवटी. त्यानंतर घाणेरडे मेसेज. हिने त्याचा नंबर बंद केला. तर दुसऱ्या नंबरवरून. तोही बंद केला. गाव कधी सांगितलं नव्हतं. पण सुरुवातीच्या गोड दिवसांत एकदा चाफ्याच्या टोपलीचा फोटो पाठवला होता, आईच्या वाडीतला म्हणून. कामणच्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या होत्या. आणि एकदा लिहिलं होतं, आज आमच्या गावच्या चर्चचा सण आहे. तेवढ्यावरून तो पोचला.

"मैत्रिणीला हे सगळं ठाऊक होतं?"

"हो."

"त्याचं तोंडही ठाऊक होतं."

"फोटो पाठवला होता मी तिला."

"मग मला का नाही दाखवलास?"

"तुला झोप लागली नसती आई."

"नसती लागली. पण सरबत दिलं नसतं."

ती रडायला लागली, मग मी. चहा निवला.

साडेसातला भावजी आले. शर्ट घामाने भिजलेला. खिशातलं पेन काढून बोटांत फिरवत म्हणाले, "होता. मोरीच्या कठड्यावर बसला होता, गाडी आडवी लावून." मग त्यांनी काय केलं, तर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारायला लागले. कुठले आपण. वडील काय करतात. आडनाव काय. त्या आडनावाचे एक साहेब आमच्या पोस्टात होते, ते तुमचे कोण. घरी कोण कोण असतं. लग्न झालं का, का नाही झालं. तो उठायला गेला की यांचा पुढचा प्रश्न. शेतातून परतणारे दोघं थांबले, त्यांनाही यांनी ओळख करून दिली, "हे पाहुणे आहेत, वहिनींकडे आले होते, आता इथे कोणाची वाट बघतायत ते सांगत नाहीत." मग ते दोघंही बसले आणि विचारायला लागले. शेवटी तो गाडीला किक मारून निघून गेला. भावजींनी तळहात पुढे केला. त्यावर गाडीचा नंबर लिहिलेला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथली बाई, वर्दीतली, तरुणच होती. तिने पहिल्यांदा विचारलं, मेसेज आहेत का. बायने बंद करण्याआधी सगळ्यांचे फोटो काढून ठेवले होते, तारखांसकट. ती म्हणाली, हे फार बरं केलंत, पुष्कळ मुली आधी पुसून टाकतात आणि मग आमच्याकडे येतात. गाडीच्या नंबरवरून त्याला त्याच दिवशी बोलावून घेतलं. तो त्याच्या भावाबरोबर आला, परत त्रास देणार नाही असं मान खाली घालून लिहून दिलं. ॲपवरही बायने तक्रार टाकली. वर्दीतली बाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "लिहून दिलं म्हणून माणूस बदलत नाही काकी. परत दिसला तर थांबू नका, लगेच फोन करा."

म्हणजे काम संपलं नव्हतं. तो परत आला तर विचारणार कोणाला? गावालाच. आणि गाव काय करणार? चपला घालून त्याला गेटपर्यंत आणून सोडणार.

तीन रात्री मी याच्यावर विचार केला. गावाला सांगायचं तर ॲपचं सांगावं लागणार. आधीच पुकारा मोडलेली मुलगी, त्यात हे. मला गावाची तोंडं ठाऊक आहेत, त्यातलं एक माझंच आहे. शनिवारी मी बायला म्हटलं, "सांगू का? तुझं आहे, तू नाही म्हणालीस तर नाही."

ती म्हणाली, "सांग. पण चोरून कुजबुजू नकोस. नीट सांग. आणि फोटो दाखव."

रविवारी चर्चची मिस्सा झाल्यावर बाहेर बाया थांबतात, तिथे मी सांगितलं. हातात बायचा फोन, त्यावर त्याचा फोटो. म्हटलं, हा माणूस आमचं घर विचारेल. त्याला आणायचं नाही, मला फोन करायचा. एकीने विचारलंच, "पण ओळख कुठे झाली म्हणायची?" मी म्हटलं, "फोनवर. आजकाल होते." दुसरी म्हणाली, "आमच्या सुनेच्या बहिणीचं पण तसंच जमलं, आम्ही सांगितलं नाही कोणाला." मग तिसरी फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघायला लागली. मागे कोणी काही बोललं असेल. बोललंच असेल. पण त्यांनी तोंड बघितलं होतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

गेल्या महिन्यात एक खरोखरचा फुलवाला आला, वसईतून, सकाळी साडेसहाला. त्याला आळीत पोचायला पाऊण तास लागला. गेटवर आला तेव्हा रडकुंडीला आला होता. "मावशी, तुमच्या गावात काय झालंय? तिघांनी माझा फोटो काढला." मी त्याला पाणी दिलं, आणि सरबतही दिलं. मुलं किती तुम्हाला, त्याने विचारलं, सहजच. माझं तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, "आधी फुलांचं बोलू."

मला ते बरं वाटलं नाही. अजून वाटत नाही. सहा वाजून गेले की मी ओट्यावर येते, स्कूटरचा आवाज आला की आत जाते, म्हणजे तिला वाटू नये मी वाट बघत होते. ती आता मोठ्या रस्त्याने येते. गाणं सोडलेलं नाही. मध्यंतरी मी म्हटलं होतं, ते ॲप काढून टाक. तर म्हणाली, "त्याच्यामुळे रस्ता बदलला, आई. सगळंच नाही बदलणार."

परवा संध्याकाळी ती जेवण झाल्यावर माझ्या शेजारी येऊन बसली. फोन पुढे केला. एक माणूस होता, चष्मेवाला, जरा टक्कल पडलेला, मागे कुठला तरी समुद्र.

"हा बघून ठेव," ती म्हणाली. "रविवारी दुपारी भेटणार आहे. कुठे ते सांगते तुला. अजून काही नाही, नुसतं भेटणं. पण गेटवर कधी आला तर तुला ओळखता यायला हवा."

विचारायचं खूप होतं, कुठला, कोणाकडचा, घरी कोण कोण. मी म्हटलं, "थांब जरा," आणि चष्मा आणायला उठले.